बसल्या जागी ३१ वॅट

आमच्या कंपनीत झाडू घ्यायचा असला तरी तीन कोटेशनं लागतात. मी भोसरीला पर्चेसमध्ये आहे, २२ वर्षं. कोटेशनं आली की त्यांचं कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट करायचं, दोन सह्या घ्यायच्या आणि सगळ्यांत कमी दरवाल्याला, आमच्या भाषेत एल-वनला, ऑर्डर द्यायची. एल-वन नकोसा असेल तर त्याच्या नावापुढे शेरा मारावा लागतो: ‘तांत्रिक कारणास्तव बाद’. तांत्रिक कारण म्हणजे नेमकं काय, हे २२ वर्षांत ऑडिटवाल्यांनीही विचारलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते खरेदीतल्या अडाणीपणामुळे घडलं असं कोणाला वाटायला नको.

सुरुवात आईपासून झाली. ऐन दिवाळीत तिला आमच्या लग्नाची कॅसेट बघायची होती. कॅसेट १९९८ची. मधे कधीतरी तिच्या दोन व्हीसीडी करून घेतल्या होत्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आताच्या टीव्हीवर ते ताणलं की वरातीतला प्रत्येक नाचणारा मेव्हण्यासारखा दिसतो, आणि मला एकच मेव्हणा आहे. पण तिथपर्यंतही आम्ही पोचलो नाही. प्लेअर नव्हता. ‘लॅपटॉपवर घेऊन ठेवलंय’ असं मला आठवत होतं, पण लॅपटॉप सुरू होत नव्हता. फोटो तीन फोनमध्ये विखुरलेले. बाबांनी रेडिओवरून टेप केलेली नाट्यपदं एका हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क लावली की पालीसारखी चुकचुकते.

“घरात एक सर्व्हर पाहिजे,” मी जाहीर केलं.

“म्हणजे काय?” बायकोने विचारलं.

“एक कॉम्प्युटर. सगळं त्याच्यावर. कायम चालू.”

“कायम म्हणजे?”

“चोवीस तास.”

बायको शाळेत शास्त्र शिकवते. ती त्यावर काहीच बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या गप्प बसण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

आमच्याकडे शॉप फ्लोअरवरून इंडेंट आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, खरंच लागणार आहे का? इथे इंडेंट काढणारा मी आणि मंजूर करणारा मी, त्यामुळे तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. पहिल्या रात्री कागदावर एकच ओळ होती: फोटो, गाणी, व्हिडिओ. दुसऱ्या रात्री मला सोसायटीचे हिशेब आठवले. मी सोसायटीचा खजिनदार. हिशेबाचं सॉफ्टवेअर कोणे एके काळी एका सभासदाच्या भाच्याने करून दिलेलं, ते विंडोज एक्सपी सोडून कशावरच चालत नाही. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ला एक्सपीतून अंग काढून घेतलं; आमच्या सोसायटीपर्यंत ती बातमी पोचलेली नाही. तेव्हा एक्सपीसाठी एक व्हर्च्युअल मशीन. मग घरातल्या सगळ्या फोनवरच्या जाहिराती अडवायला एक. चौथ्या रात्री यादीत नऊ मशिनं होती, त्यातली सहा ‘प्रयोगासाठी’.

“कसले प्रयोग?” बायकोने विचारलं.

“ते ठरवायचेत.”

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय हे मला स्वतःला नीट कळलं ते आईला समजावताना. आई शनिवार पेठेत वाड्यात वाढली. वाडा एक, मालक एक, बिऱ्हाडं बारा. प्रत्येकाचं दार वेगळं, कुलूप वेगळं, चूल वेगळी; आत बसलं की ज्याला त्याला वाटतं आपण आपल्या घरात आहोत. तसंच हे. पेटी एक, तिच्यात एक मालक-सॉफ्टवेअर, आणि त्याने ठेवलेली बिऱ्हाडं: एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. प्रत्येकाची समजूत अशी की सगळा कॉम्प्युटर माझाच. मी मालक म्हणून प्रॉक्समॉक्स निवडलं. ते व्हिएन्नातल्या कंपनीचं, फुकट वापरता येतं, आणि आत केव्हीएम वापरतं, जे लिनक्समध्ये २००७पासून आहे. मुळात ही युक्ती त्याहून फार जुनी. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० बाजारात आणलं तेव्हा एकेक यंत्र खोलीभर असायचं आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसायचा, म्हणून पुष्कळांनी ते वाटून घ्यायचं. आता यंत्र स्वस्त आहे आणि मी एकटाच आहे, तरी वाटून घेतोय.

“प्रोसेसर म्हणजे चौकातला नळ,” मी आईला म्हणालो. “पाळीपाळीने सगळ्यांना पाणी मिळतं. रॅम म्हणजे खोल्या. एकाला दिली की दुसऱ्याला देता येत नाही.”

आई क्षणभर थांबली. “अरे, मग आधी खोल्या बघ. नळावर भांडून भागतं. खोल्यांचं तसं नाही.”

व्हर्च्युअल मशीनसाठीच्या खरेदीबद्दल मी दीड महिना जे व्हिडिओ पाहिले, त्यांत ४० मिनिटांच्या बडबडीनंतर हेच सांगतात: घरगुती कामाला कोअर चार असले तरी चालतात, रॅम मात्र पोटभर लागते. आईने ते एका वाक्यात आटपलं. मी तिचं ऐकलं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. नाव तपकिरीचं, माल वायरींचा. लाकडी जिना चढून वरच्या मजल्यावर एका दुकानात गेलो आणि तिथे मला तो दिसला. रॅकमध्ये बसवायचा खराखुरा सर्व्हर, दोन झिऑन प्रोसेसर, रॅमच्या चोवीस खाचा, पुढे आठ डिस्कचे कप्पे, प्रत्येक कप्प्याला छोटा हिरवा दिवा. कुठल्या तरी डेटा सेंटरमधून निवृत्त झालेला. आणि किंमत? नव्या बऱ्यापैकी मोबाइलपेक्षा कमी. खरेदीवाल्याच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात. नवीन होता तेव्हा याची किंमत लाखांत असणार, आणि आता तो माझ्याकडे बघत होता.

“चालू करून दाखवा,” मी म्हणालो.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या काउंटरवरच्या पोराकडे पाहिलं. पोराने कानात बोटं घातली. मला वाटलं गंमत करतोय. मग बटण दाबलं गेलं. ज्यांनी दळण आणायला गेल्यावर गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभं राहून पाहिलंय त्यांना अंदाज येईल. सहा पंखे एकदम पूर्ण वेगाने. भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. दुकानदार काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ दिसत होते.

आवाज थोडा उतरल्यावर कळलं की तो म्हणत होता, “साहेब, हा एसी रूमचा माल आहे!”

लांबी मोजली. ७० सेंटिमीटरच्या पुढे. आमच्या टीव्हीखालच्या कपाटाची खोली ४०. म्हणजे सर्व्हर ठेवला की कपाटाचं दार लावायचं नाही आणि हॉलमध्ये चालताना वळसा घालायचा. तरीही मी ‘विचार करतो’ असं म्हणून आलो, आणि खरोखर विचार करत होतो. रात्री जेवताना बायकोने सहज विचारलं, काहीच काम नसताना किती वॅट खातो? मी म्हटलं, साधारण दीडशे. तिने हातातली पोळी ताटात ठेवली. “दिवसाला ३.६ युनिट. महिन्याला १०८. वीजबिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा आणि १०१पासून पुढे वेगळा, ठाऊक आहे ना?” मग पोळी पुन्हा उचलली. निवृत्त सर्व्हर बाद झाला. या वेळी शेरा खराच तांत्रिक होता.

पुढच्या गुरुवारी नवीन असेंबल करायचं ठरवून तीन दुकानांतून तीन कोटेशनं आणली. तिघांनीही एकच गोष्ट सुचवली. “साहेब, एफवाला प्रोसेसर घ्या, पैसे वाचतील.” नंबर तोच, शेवटी फक्त एफ, आणि किंमत कमी. मी एल-वनवर खूण केली आणि कागद मुलीला दाखवला. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि घरात माझ्याशी सरासरी दिवसाला सहा वाक्यं बोलते.

“बाबा, एफमध्ये ग्राफिक्सच नसतं. ट्रान्सकोड कशावर करणार?”

दोन वाक्यं गेली. बाकीच्या चारांत तिने जे सांगितलं ते असं. आईच्या खोलीतला टीव्ही बारा वर्षांचा. त्याला एच.२६४ कळतं, व्हिडिओ दाबून बसवायची ही पद्धत २००३ची. आमचे फोन रेकॉर्ड करतात एच.२६५मध्ये, ती २०१३ची. तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत मावतं. म्हणजे नातीने काढलेला व्हिडिओ आजीच्या टीव्हीला समजत नाही. मधे दुभाष्या लागतो, तो चालत्या व्हिडिओचं जागच्या जागी भाषांतर करतो. हे काम प्रोसेसरच्या कोअरना सांगितलं तर ते करतात, पण चारही जण घामाघूम होतात आणि बाकीची बिऱ्हाडं नळाशी बादल्या घेऊन ताटकळतात. म्हणून इंटेलने २०११पासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या शेजारी या एकाच कामाला वाहिलेला कोपरा ठेवलाय, क्विक सिंक. तो कोअरना न उठवता भाषांतर करतो, वीजही जेमतेम खातो. एफ म्हणजे त्याच प्रोसेसरचा तो भाऊ, ज्याचं ग्राफिक्स बंद आहे. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, तो वेगळं ग्राफिक्स कार्ड लावतोच. माझ्यासाठी मात्र ते म्हणजे लग्नाला सगळे आले आणि भटजींना सांगायचं राहिलं.

(आईच्या टीव्हीला एक नवी काडी लावली तर एच.२६५ थेट चालतं आणि दुभाष्याची गरजच उरत नाही, हेही मुलगी बोलली. ते सातवं वाक्य असल्यामुळे मी ऐकलं नाही.)

आता कंपॅरेटिव्ह स्टेटमेंटमधला जो खरा एल-वन होता, त्याच्याबद्दल मला कबुलीजबाब द्यायचाय. तो म्हणजे इंटेल एन१०० असलेला एक चिमुकला डबा. चार कोअर, ठरलेली भूक ६ वॅट, क्विक सिंक आत, पंख्याचा आवाज नाही, तळहातावर मावतो. फोटो, गाणी, आईचा टीव्ही, एक्सपी, जाहिराती, हे सगळं त्याने हसतहसत ओढलं असतं. त्याच्या विरोधात बोलण्यासारख्या गोष्टी दोन. रॅमला खाच एकच, आणि इंटेलच्या कागदावर १६ जीबीच्या वर नाही. आत मोठ्या हार्ड डिस्कला जागा नाही, ती बाहेर यूएसबीला लोंबकळणार. पण मी त्याला बाद केलं ते या दोन्हींमुळे नव्हे. तो उघडून आत बघण्यासारखं काही नव्हतं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन सुट्टीच्या दुपारी जमिनीवर बसायचं, केबल दातांत धरायची, बायकोने चहा आणून ‘अजून झालं नाही?’ म्हणायचं, यातलं काहीच त्याच्यासोबत होणार नव्हतं. शिवाय सहा प्रयोगशील बिऱ्हाडांचं काय? मी शेरा मारला: तांत्रिक कारणास्तव बाद.

शेवटी जे घेतलं ते ऑफिसात वापरून झालेलं डेस्कटॉप. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह ७५००, चार कोअर, २०१७चा. याला विंडोज ११ने दारातच अडवलं. आठव्या पिढीच्या आधीच्यांना साधारणपणे प्रवेश नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सांभाळ संपला आणि कंपन्यांनी असे ढिगाने नग काढून टाकले. यंत्रात खोट काही नाही, फक्त निवृत्तीचं वय झालं. माझ्या बिऱ्हाडांना विंडोज ११चं काही पडलेलं नव्हतं आणि याचं क्विक सिंक एच.२६५ चांगलं जाणतं. दुकानदाराने कॅबिनेट फडक्याने पुसून दिलं. मागच्या बाजूला एक स्टिकर होतं, अर्धवट खरवडलेलं, मालमत्ता क्रमांकाचं असावं. गेल्या वर्षी आमच्या कंपनीनेही याच मॉडेलचे १४ नग लॉटमध्ये काढले होते, भंगाराच्या भावात. त्या कागदावर सही माझीच आहे. स्टिकरवर काय लिहिलंय ते वाचायचा मी प्रयत्न केला नाही.

डेस्कटॉपमध्ये रॅम होती ८ जीबी. मला पाहिजे होती ६४. आणि इथे नशिबाने वेळ साधली, कारण त्याच हिवाळ्यात रॅमचे भाव असे चढले की दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी द्यायला तयार नव्हते. कारखान्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवला होता. तिथे एकेक गिऱ्हाईक असं की माझ्यासारखे लाखभर एकत्र आले तरी त्याची बरोबरी होणार नाही. अशा दिवसांत एका काउंटरवर १६-१६ जीबीच्या चार पट्ट्या मला निम्म्याहून कमी भावात मिळाल्या. ‘सर्व्हरची रॅम आहे साहेब, एकदम दणकट.’ डीडीआर४, मला पाहिजे तीच. पिना २८८, मला पाहिजेत तितक्याच. मधली खाच, तिथेच. मी नगद मोजले आणि स्वारगेटपर्यंत चालत गेलो, इतका आनंद झाला होता.

घरी येऊन पट्ट्या बसवल्या. चारही खट् खट् बसल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा, आणि आतून टूं टूं असा आवाज, थांबून पुन्हा टूं टूं. मी पट्ट्या काढल्या, खोडरबराने पिना घासल्या, पुन्हा बसवल्या. टूं टूं. जागा बदलल्या. टूं टूं. तासाभराने मुलगी खोलीतून बाहेर आली, पट्टी उचलून उजेडात धरली आणि लेबलवर नख ठेवलं. “पीसी४-२४००टीच्या पुढे काय लिहिलंय?” आर. “यू पाहिजे.” आणि ती परत गेली.

आर म्हणजे रजिस्टर्ड. या पट्टीवर मधोमध एक छोटी चिप जास्त असते. सर्व्हरचा प्रोसेसर आपला निरोप तिच्याकडे देतो आणि ती तो पुढे सगळ्या चिपांना पोचवते. खूप खोल्या असल्या की असा एक कारकून लागतोच. साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर प्रत्येक खोलीचं दार स्वतः वाजवणारा. त्याला मधल्या माणसाशी कसं बोलायचं ते शिकवलेलंच नाही. म्हणून पट्टी बसते, अंगाला अंग लागतं, पण संवाद नाही. पर्चेसमध्ये २२ वर्षं काढलेल्या माणसाने मधला माणूस ओळखू नये, हे मला जास्त लागलं.

परत द्यायला गेलो. काउंटरच्या वर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी पाच वेळा या दुकानात आलो होतो, पाटी पहिल्यांदा वाचली. आमच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की नापसंत माल पुरवठादाराने स्वखर्चाने परत न्यावा. ते कलम मीच घातलंय. त्या चार पट्ट्या आता बायकोच्या शाळेत आहेत. सातवीला ती त्या दाखवायला वापरते, मुलांना फार आवडतात असं सांगते. मग चालू भावाने, तोंड मिटून, १६च्या दोन यू पट्ट्या घेतल्या. ३२ जीबी. आईचं गणित बरोबर निघालं, पण दर माझ्या गणिताने लागला.

डिस्कचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मी शहाण्यासारखा वागलो. ४ टीबीच्या दोन घेतल्या. विंडोजला लावून पाहिल्या तर दिसतात ३.६३. बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ने, आणि चार वेळा गुणत गेलं की फरक एवढा होतो. पन्नास किलोच्या गोणीत साडेपंचेचाळीस किलो भरण्यासारखंच हे. आमच्याकडे असं आलं तर मी डेबिट नोट काढतो. इथे जगभर चालतं. दुसरी गोष्ट, डिस्क घेताना ती कौलारू नाही ना हे विचारा. काही डिस्कांवर माहितीच्या रांगा कौलांसारख्या एकीवर एक सरकवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, आणि मोठी दुरुस्ती निघाली की दिवसचे दिवस जातात. एसएमआर म्हणजे कौलारू, सीएमआर म्हणजे साधी. आणि दोन्ही डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या लॉटच्या घ्या. कंपनीत मी एकाच लॉटचा आग्रह धरतो. पण इथे एकाच दिवशी जन्मलेल्या दोघी एकाच सुमारास गेल्या तर आपण रडायला एकटे उरतो.

दोन डिस्क एकमेकींचा आरसा म्हणून लावल्या की त्याला रेड म्हणतात. १९८८ साली बर्कलेच्या तिघांनी, पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी, हे नाव असलेला निबंध लिहिला तेव्हा त्यातला आय ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा होता, म्हणजे स्वस्त डिस्क. पुढे बनवणाऱ्यांनी त्याचा ‘इंडिपेंडंट’ केला, स्वतंत्र. खरेदीत एवढी वर्षं काढलेल्याला ‘स्वस्त’चं ‘स्वतंत्र’ झालं की काय होतं ते सांगावं लागत नाही. मात्र रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरी सांभाळते. पण तुम्ही चुकून फोल्डर पुसलं तर दोघी ते एकदिलाने, त्याच क्षणी पुसतात. मी २०१९चा गणपती असाच घालवला होता. नाशिकला बहिणीकडे साडीच्या खोक्यात एक तिसरी डिस्क ठेवलेली होती, म्हणून गणपती परत आला.

बाकी मग पटापट झालं. सगळं बसवल्यावर एकही बिऱ्हाड आत शिरेना, कारण बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं. वाडा तयार आणि दिंडी दरवाजाला आतून कडी. ती काढली. ६०० व्हीएचा यूपीएस लावला, कारण वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर उठेपर्यंत पंख्याला चालतं, सर्व्हरला चालेलच असं नाही. मीडियासाठी जेलीफिन टाकलं. एक्सपीला ५१२ एमबीची एक खोली दिली. नवीन होता तेव्हा तो ६४वरही राहायला तयार होता, त्यामुळे आता बराच ऐसपैस आहे; पागडीवरच्या म्हाताऱ्या भाडेकरूसारखा, देतो काही नाही, निघतही नाही, आणि सोसायटीचा सगळा इतिहास त्यालाच पाठ. जाहिराती अडवणाऱ्याला कोपरा दिला. प्रयोगाची सहा बिऱ्हाडं अजून आलेली नाहीत. ३२तली जवळपास २० जीबी रॅम रिकामी पडून असते. मी रोज रात्री तो आकडा बघतो.

आईने एका गुरुवारी लग्न पाहिलं. मेव्हणे होते तसेच होते. पंगत सुरू झाली आणि बाबा जिलबी वाढायला आले, धोतराचा सोगा खोचलेला, ताट डाव्या हातात. ३५२ बाय २८८मध्ये चेहरा कसला दिसतो, पण ‘घ्या हो’ म्हणताना मान वाकडी करायची सवय ओळखू आली. आई म्हणाली, “तिथेच थांबव.” थांबवलं. बराच वेळ ते तसंच होतं. प्रोसेसर दोन टक्के.

बायको त्यानंतरही काही दिवस गप्प होती. मग संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तिने प्लगमध्ये लावायचा एक वॅटमीटर आणला, शाळेच्या प्रयोगशाळेतला. सर्व्हर त्यावर लावला, एक दिवस चालू ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कागद ठेवला. आखलेला, रकाने पाडलेला. मथळा माझ्याच पद्धतीचा: कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट.

“अहो, तुमचा तो बसल्या जागी ३१ वॅट खातो. दिवसाला पाऊण युनिट.”

“पाऊणच ना!” मी म्हणालो. निवृत्त सर्व्हरच्या मानाने हे काहीच नव्हतं.

“आपला गीझर दोन हजार वॅटचा. पाऊण युनिट म्हणजे बावीस मिनिटं. म्हणजे एक टाकी. म्हणजे एका माणसाची आंघोळ.”

रकान्यांत पाच नावं होती. आई, ती, मुलगी, मी आणि सर्व्हर. बजेट चार टाक्यांचं. आईच्या नावापुढे वय लिहिलं होतं. मुलीला सकाळी सातची बस, आणि बायको सव्वासातला निघते. सर्व्हर बंद करता येत नाही, त्यावर सोसायटीचे हिशेब आहेत. राहिलेल्या नावापुढे, माझ्याच शब्दांत, शेरा मारलेला होता. दोन सह्या आधीच झाल्या होत्या, एक बायकोची, एक आईची.

जानेवारीत सकाळी सहाला आमच्या नळाचं पाणी चांगलंच गार असतं.